गिरणीतलं गाणं

आमच्या मुलीच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम चोंढीजवळच्या एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत झाला. मोठा म्हणजे साठ-सत्तर माणसं. त्याआधी ती चौघं पनवेलला कुणाच्या कॉफीच्या दुकानात, कधी कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायची, पण आम्हाला कधी बोलावलं नव्हतं. या वेळी बुधवारी जेवताना तिनं ताटाकडे बघतच सांगितलं, "रविवारी या. दोघंही या."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "रविवारी तिचं गाणं आहे. बोलावतेय आपल्याला."

तेव्हा हे हसले. "येनार की," म्हणाले.

माझ्याकडे का बघितलं, ते मुलीच्या लक्षात आलं नाही. यांचे कान गेले होते, आणि घरात ते फक्त मला ठाऊक होतं.

हे पंचवीस वर्षं बेंजो पार्टीत होते. उरण तालुक्यात असं गाव नसेल जिथल्या हळदीला यांनी वाजवलं नाही. टेम्पोवर स्पीकरची भिंत रचलेली, आणि तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर, स्टँडवर बेंजो ठेवून हे उभे. लग्नसराईत सलग पंधरा-पंधरा दिवस. पहाटे घरी आले की म्हणायचे, कानात अजून वाजतंय. मी शाळेत शिकवणारी, मला सकाळी सातला घर सोडायचं असायचं. मी चिडून म्हणायची, वाजू दे, झोपा आता. पुढे डीजे आले, पार्टी मोडली, आणि हे एका कंटेनर यार्डात गेटवर नोकरीला लागले. बेंजो कपाटावर गेला.

मग एके दिवशी मी कणीक मळत होते आणि हे ओट्याजवळच उभे होते. यांनी मला विचारलं, "शिट्ट्या किती झाल्या?" कुकर यांच्या हातापाशी होता आणि त्याच क्षणी तो शिट्टी देत होता.

मी गॅस बंद केला. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि यांना कळलं. खाली पाटावर बसले. म्हणाले, "बायला सांगू नको. गावात पन नको. बेंजोवाला बहिरा झाला म्हनतील." मुलीला हे लहानपणापासून बाय म्हणतात. यांनी शपथच घातली आणि मी कबूल केलं. नवऱ्याची लाज आपण झाकायची, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की हे विषय टाळायचे.

या गुपितामुळे घरात काय होईल, हे मला कळायला हवं होतं. पुढे दोनेक वर्षांत मुलगी गिटार शिकली. तिनं स्वतः एक गाणं बांधलं आणि एका संध्याकाळी पडवीत बसून आम्हाला म्हणून दाखवलं. तिचा आवाज बारीक, गिटारही हलक्या हातानं वाजवायची. हे पूर्ण वेळ तिच्याकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "चांगलं हाय. पन ठेका कुठं हाय?"

यांना तेवढंच विचारता आलं, कारण यांच्यापर्यंत फक्त ठेकाच पोचत होता. तिनं गिटार पिशवीत घातली. रात्री मला म्हणाली, "पप्पांना हळदीचं गाणं म्हणजेच गाणं वाटतं." मी म्हटलं, असं काही नाही गं. त्यानंतर तिनं घरात कधी वाजवलं नाही. पनवेलला मैत्रिणीकडे जाऊन सराव करायची. बापलेकीत भांडण असं काहीच नव्हतं. जेवलीस का, ड्युटी कधी आहे, एवढं बोलणं चालायचं. पण गाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. असं दोन वर्षं चाललं.

म्हणून तिनं बोलावलं तेव्हा मला फार बरं वाटलं. यांनी रविवारी स्वतः शर्टाला इस्त्री केली. करंजाहून आम्ही दुपारच्या लाँचनं रेवसला उतरलो. तिथून रिक्षानं माझ्या भावाच्या घरी गेलो, कारण रात्री तिथंच राहायचं होतं. लाँचमध्ये हे खुशीत होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, "पोरगी गाते. स्वतः लिवते पन." तो माणूस काहीतरी विचारत होता आणि हे आपल्याच उत्तरावर हसत होते.

गिरणीत यंत्रं नव्हती. भिंतींना चुना लावला होता, वर पत्रा, आणि पुढच्या बाजूला लाकडी पॅलेट जोडून स्टेज केलेलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाच-सहा रांगा, मागं पोरंपोरी उभी. आठच्या आत संपवायचं असं गावाशी ठरलेलं होतं, म्हणून साडेपाचलाच सुरू झालं. आमच्याएवढ्या वयाचं तिथं कुणी नव्हतं. एका मुलीनं उठून यांना दुसऱ्या रांगेत जागा दिली.

पहिला बँड पनवेलच्या पोरांचा. त्यांचा आवाज इतका मोठा की माझ्या छातीत धडधडायला लागलं. हे मात्र पायानं ठेका धरून बसले होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, "ड्रमवाला पोर तयारीचा हाय." दुसरे मुरुडचे दोघंच होते, एक पेटीसारखं काहीतरी वाजवणारा आणि एक गाणारा. गाणाऱ्याचा गळा इतका मऊ होता की सगळी गिरणी गप्प झाली. यांना त्यातलं काही ऐकू आलं नसणार. हे वर पत्र्याकडे बघत राहिले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर यांनीही वाजवल्या.

मग आमची मुलगी आली. काळा कुडता, केस बांधलेले. गिटार गळ्यात अडकवताना तिनं आधी आम्ही कुठं बसलोय ते बघून घेतलं. पहिली दोन गाणी बरी झाली. हे तिच्या बोटांकडे बघत होते. एका जागी तिची बोटं भरभर चालली तेव्हा यांनी मान हलवली, आणि ते तिला दिसलं. तिच्या तोंडावर आलेलं हसू मी बघितलं.

तिसऱ्या गाण्याआधी ती माइकवर म्हणाली, "हे गाणं आमच्या घरातल्या एका माणसाचं आहे." तिनं सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला स्पीकर किंचाळला. तो एक चिरकणारा आवाज असतो तसा, एक-दोन सेकंदांचा. लोकांनी नुसते चेहरे वाकडे केले. हे मात्र चटका बसल्यासारखे दचकले. अधू कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही, पण असा आवाज सुरीसारखा घुसतो, हे मला डॉक्टरनं नंतर सांगितलं. यांनी तळहात कानावर दाबला, उठले, आणि वाकून भिंतीकडेनं बाहेर निघून गेले.

तिनं ते बघितलं. तिचा आवाज क्षणभर अडकला. मग डोळे मिटून ती पुढे गायला लागली.

मी उठायला हवं होतं, पण मी बसून राहिले, कारण शब्द माझ्या कानावर पडायला लागले होते. एक लहान मुलगी पहाटे जागी होते. बाप हळदीहून येऊन तिच्या शेजारी झोपलाय, अंगाला हळदीचा वास आहे. आणि त्याची बोटं झोपेतही गोधडीवर चाललीयत. मुलगी त्या बोटांखाली आपला हात ठेवते. सगळं गाणं आमच्या घरच्या बोलीत होतं. "पप्पा निजले तरी बोटं जागी हायत," अशी ओळ परत परत येत होती. आमच्या घरी हे असं व्हायचं. मी शेजारच्याच अंथरुणावर असायची आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

गाणं संपल्यावर मी बाहेर गेले. हे लावलेल्या स्कूटरींच्या पलीकडे आंब्याखाली उभे होते. हात अजून कानावरच होता.

"संपलं?" यांनी विचारलं.

"अजून एक आहे."

"तू जा, ऐक. मी हितंच थांबतो."

मी यांना सांगितलं नाही की ते गाणं तुमचं होतं. तिथं उभं राहून ओरडून सांगावं लागलं असतं, आणि आजूबाजूला माणसं होती.

कार्यक्रमानंतर ती बाहेर आली. तिच्या वयाची मुलं तिला मिठ्या मारत होती. ती आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि यांना विचारलं, "कसं वाटलं?"

हे तिच्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "चांगलं झालं, बाय. तो पहिला ड्रमवाला लय तयारीचा हाय."

"हो," ती म्हणाली. आणि वायरी गुंडाळायला आत गेली.

रात्री ती आमच्याबरोबर भावाच्या घरी आली आणि लगेच आडवी झाली. मला झोप लागली नाही. सकाळी हे पुढच्या ओटीवर आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मी आणि ती मागं दाराच्या उंबऱ्याजवळ चहा घेत होतो. मधे चार-पाच हातांचं अंतर असेल. ती हळूच म्हणाली, "आई, पप्पांना आवडत नाही तर यायचं नव्हतं. मधून उठून कशाला गेले?"

मी कप खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही. चार वर्षं झाली."

तिनं दचकून यांच्याकडे बघितलं, यांनी ऐकलं असेल म्हणून. यांनी पान उलटलं. तिनं हाक मारली, "पप्पा." मग जरा मोठ्यानं, "पप्पा." आतून माझी वहिनी बघायला आली. हे वाचतच होते. तिसऱ्यांदा तिला हाक मारवली नाही. तिनं तोंडावर ओढणी दाबली आणि परसात निघून गेली.

मी तिच्या मागं गेले. ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मला वाटलं होतं ती यांच्यासाठी रडेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत होतं. मी घरात गाणं बंद केलं तेव्हा तुला माहीत होतं."

"त्यांनी शपथ घातली होती."

"आणि मी?"



घरी आल्यावर तिनं गाण्याचे शब्द कागदावर लिहून यांना दिले. यांनी चष्मा लावून उभ्यानंच वाचले, दोनदा वाचले. मग कागदाची घडी करून युनिफॉर्मच्या खिशात घातली आणि ड्युटीला निघून गेले. मी सांगून टाकलं हे यांना तेव्हाच कळलं. आठ-दहा दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नंतर तिच्या हट्टानं आम्ही वाशीला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. नसा गेल्यात, परत येणार नाहीत, असं तो म्हणाला. कानात घालायची मशीन घेतली. तिच्यामुळे माणसांचं बोलणं कळायला लागलं. पहिल्याच रविवारी मुलगी गिटार घेऊन यांच्यासमोर बसली आणि ते गाणं म्हटलं. यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं विचारलं, "येतंय का ऐकू?" या वेळी हे खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "शब्द येतात, बाय. सूर पत्र्यावानी वाजतो." ती यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसून राहिली.

बँड पुढे सहा-सात महिने चालला. त्यातल्या एका मुलाला बंगळुरूला नोकरी लागली, दुसऱ्या मुलीचं लग्न ठरलं. गिरणीच्या जागेत आता फर्निचरचं गोदाम आहे. आमची मुलगी पुण्याला एका कंपनीत कामाला आहे. यांना ती रोज मोबाइलवर लांबलचक मेसेज लिहिते, आणि हे एका बोटानं हळूहळू उत्तर लिहितात. तिला विचारलं, गातेस का गं. म्हणते, वेळ नाही मिळत आई. माझ्याशी ती नीट बोलते, सणाला येते, माझ्यासाठी साडी आणते. पण तिच्या मनातलं काही आता ती मला आधी सांगत नाही, ते मला यांच्याकडून कळतं.