माळ्यावरचे रिकामे खोके

अमेरिकेत श्रूजबरीतले आमचे शेजारी काका मूळचे नागपूरचे. हिवाळ्यात घरातसुद्धा कानटोपी आणि दोन स्वेटर घालून बसायचे. घराखालच्या बुटक्या क्रॉलस्पेसमधून गारठा वर यायचा आणि हीटिंगची सगळी ऊब माळ्यातून उडून जायची. "इन्सुलेशन करून घ्या ना," म्हटलं की चिडायचे.

"काहून? पुढच्या वर्षी परत चाललो ना आम्ही!"

त्यासाठी टीव्ही, मायक्रोवेव्हचे रिकामे खोकेही त्यांनी माळ्यावर जपून ठेवले होते.

जॅकेट घालून अभ्यास करणारी त्यांची मुलगी एकदा मान वर न करता म्हणाली, "बाबा, वी लिव्ह हिअर." काकांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

पुढच्याच आठवड्यात ते सगळे खोके कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला दिसले. काय झालं म्हणून मी आत डोकावलो. काका माळ्याच्या शिडीवरून उतरत होते. तोंडाला मास्क, भुवयांवर इन्सुलेशनचा गुलाबी कापूस. मला पाहून चोरी पकडल्यासारखे तिथेच थांबले.

"घर विकताना भाव चांगला येतो," ते पायरीकडे बघत पुटपुटले.

"हो ना," म्हणताना मलाही त्यांच्याकडे बघवेना. आमच्या माळ्याचं काम केलं, तेव्हा कॉलिंग कार्डावरून पुण्याला आईला मी अगदी हेच सांगितलं होतं.