खंडेनवमीला धुतलेलं कातडं

आखातातल्या या रुवीत बस स्टँडजवळ उभा राहिलो की मी अजून आधी आभाळाकडे बघतो, मग रस्त्याकडे. मुलगा हसतो. त्याला तिथे पैसे पाठवायची दुकानं, सोनार आणि टॅक्सीवाले दिसतात. मला धावपट्टी दिसते. चारी बाजूंनी काळे डोंगर आणि मधे खडीचा पट्टा, एवढ्यावर इथलं विमानदल उभं राहिलं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण त्या पट्ट्यावर मी पेट्रोलचे ड्रम लोळवलेत, तेव्हा मला कोणी शिकवायला येऊ नये.

गेल्या महिन्यात मुलाच्या अल् खुवैरच्या घरावरून लढाऊ विमानं गेली. इथल्याच पोरांनी उडवलेली, एका रांगेत. नात म्हणाली, "आजोबा, तुमची पण अशीच होती?" मी म्हटलं, आमची थोडी होती आणि प्रत्येकाचा खोकला आम्हाला ओळखू यायचा. ती हसली. मी नाही हसलो, कारण विमान गेलं की ते परत येईपर्यंत मी अजून घड्याळ बघतो. का बघतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो.

मी मुंबईच्या एका गॅरेजातून बोटीने इथे आलो. विमानदलाचं काम घेतलेल्या एका कंपनीने भरती केली होती. पायलट सगळे गोरे, मेकॅनिक आपल्याकडचे आणि कराचीचे, ओझी उचलायला बलुची. पेट्रोल मत्रहच्या किनाऱ्याला ड्रममधून उतरायचं. ते विमानात भरायचं काम माझं. माझ्यावर मिस्त्री होते, मालवणकडचेच, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मला झिला म्हणायचे, म्हणजे पोरा, आणि चुकलो की मेल्या.

इथली हवा दमट. ड्रममध्ये पाणी धरतं. पेट्रोल वर राहतं, पाणी तळाला बसतं. ते पाणी इंजिनात गेलं की इंजिन बंद. मोटार रस्त्यात उभी राहते, विमान उभं राहत नाही. म्हणून ड्रम आदल्या दिवशी उभा करून एका बाजूने खाली पाचर मारायची, उंच बाजूने हातपंप लावायचा आणि पेट्रोल मोठ्या नाळक्यातून, म्हणजे नरसाळ्यातून, टाकीत सोडायचं. नाळक्यात मेंढीचं मऊ कातडं ताणून बसवलेलं असे. पेट्रोलात मुरलेलं ते कातडं पेट्रोल जाऊ देतं आणि पाणी अडवतं. भरून झालं की नाळक्यात दोन-तीन चमचे पाणी पाऱ्यासारखं डुलत राहायचं. ते मी मिस्त्रींना दाखवायचो आणि वाळूत फेकायचो. सगळं विमानदल एका तळहाताएवढ्या कातड्यावर उडत होतं असं मी तेव्हा म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं.

इथला माझा पहिला दसरा आला. गॅरेजात आम्ही खंडेनवमीला पाने, हातोडे, जॅक घासूनपुसून पाटावर मांडायचो, हळदकुंकू वाहायचो. इथे का सोडायचं? सुट्टी झाल्यावर शेडमधली सगळी हत्यारं मी काढली. पंप घासला. नाळकं चकाचक केलं. आणि कातडं साबणाच्या पाण्यात बुडवून, चोळून चोळून धुतलं. वर्षाचा मळ निघाला. गार पाण्यातून तीनदा काढलं आणि सावलीत टाकलं. झेंडू कुठला मिळायला. बाभळीची पिवळी फुलं वाहिली. मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या विमानाखाली होते. प्रसादाचा खजूर खाऊन म्हणाले, "बरा केलंस, झिला." मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरलेस आला. डोंगरापलीकडच्या पट्टीवर एक शिपाई पोटदुखीने लोळत होता, लगेच आणायचं होतं. एका इंजिनाचं जाड नाकाचं विमान होतं. त्याच्या पोटात टाक्या. ते उडवणाऱ्या गोऱ्या साहेबाची रीत अशी, की पुढच्या टाकीवर जायचं आणि मागच्या टाकीवर परत यायचं. पुढची भरलेलीच होती. मागची मी भरली, पंपाचा दांडा मारून मारून खांदे भरून आले. कातडं हाताला गारच लागलं होतं, पण सकाळची हवा गार म्हणून मी लक्ष दिलं नाही. साहेबाने टाकीखालचा नळ उघडून बाटलीत थोडं पेट्रोल काढून पाहिलं. स्वच्छ. खरं तर भरल्यावर थोडा वेळ थांबायचं, पाणी खाली बसू द्यायचं. पण तिकडे माणूस लोळत होता. साहेब म्हणाला "यल्ला", म्हणजे चला, आणि गेला. डोंगराच्या खाचेतून विमान दिसेनासं झालं.

मी नाळकं उतरवलं. आत एक थेंब पाणी नव्हतं. मी खूश झालो. म्हटलं पूजा लागू पडली.

मिस्त्री आले. नाळक्यात बघून म्हणाले, "पाणी खंय आसा?"

"नाय इला आज."

"नाय इला म्हंजे? ह्या हवेत?" त्यांनी कातड्याला बोट लावलं, मग ते बोट नाकाशी नेलं. "साबणाचो वास येता. धुतलंस तू ह्या?"

मी म्हटलं, "नाय."

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. चूक झाली हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. पण चूक झाली असं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "मी फक्त पुसलंय."

ड्रमच्या तळाशी उरलेलं पेट्रोल त्यांनी पंपाने काढलं आणि त्याच कातड्यातून काचेच्या बरणीत ओतलं. बरणी पत्र्यावर ठेवली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. हळूहळू तळाला एक रेघ दिसायला लागली. मग ती रेघ जाड झाली. वर हिरवट पेट्रोल, खाली पाणी. कातड्याला एकदा पाणी पाजलं की ते पाण्याला ओळख देतं, मग अडवत नाही.

"जाताना काय होवचा नाय," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या टाकीवर आसा. येताना सायब उठलो की मरतलो. आणि तो शिपाई. जा, हापिसात सांग."

"माझी चूक नाय ती."

"चूक कोणाची ता मी इचारूक नाय. सांग म्हटलंय."

ते म्हणाले, मीच सांगतो. मी म्हटलं, सांगा आणि माझी नोकरी खा. त्यांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तूच सांगूक होया. तुझ्या हातान भरलंस." आणि ते पाठ फिरवून शेडच्या दाराशी उभे राहिले.

मी ड्रमवर बसलो. तुरुंगात घालतील, असं वाटत होतं. घरी आईला कोण कळवणार. बोटीत बसवून परत पाठवतील आणि गावात सगळे विचारतील. हे सगळं डोक्यात, आणि त्याच वेळी ते विमान कुठवर गेलं असेल याचा हिशोब. सव्वा तासाची वाट. मग उतरेल, स्ट्रेचर चढवतील, चहासुद्धा घेणार नाही, उडेल. शेडमधल्या घड्याळाचा काटा पाऊण तास सरकला.

शेवटी मी उठलो तो धीर आला म्हणून नव्हे. मिस्त्रींच्या खांद्यावरून मला खाचेतलं आभाळ दिसलं, आणि तिथून काही परत येणार नाही असं वाटलं. आणि आपण इथे ड्रमवर बसलेलेच असू. त्याची भीती तुरुंगाहून मोठी होती.

बरणी आणि कातडं घेऊन मी पळत गेलो. ऑफिसातल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन्ही ठेवलं आणि म्हटलं, "मी धुतलं. मागची टाकी." त्याने बरणीकडे बघितलं आणि खुर्ची मागे पाडून तो वायरलेसच्या खोलीत गेला. डोंगराआड गेलेल्या विमानाशी बोलता येत नव्हतं, आणि तिकडची पट्टी उत्तर देईना. तो पुन्हा पुन्हा तेच बोलत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. मिस्त्री मागून येऊन शेजारी उभे राहिले. उत्तर आलं तेव्हा मला शब्द कळले नाहीत. अधिकाऱ्याने फक्त कपाळ पुसलं आणि हाताने बसायची खूण केली. तिकडे विमानाचा पंखा फिरायला लागला होता, कोणीतरी धावत जाऊन हात आडवा केला, हे मागून कळलं.

दुपारी विमान आलं. आधी शिपायाला खाली घेतलं. मग साहेब सरळ माझ्याकडे आला. हातात बाटली होती. मागच्या टाकीतून काढलेली, खाली चार बोटं पाणी. ती माझ्या हातात दिली आणि एकच प्रश्न विचारला. मिस्त्रींनी मला मालवणीत सांगितला, "तुका कधी कळला, असा इचारता."

मी तोंड उघडलं. त्याच्या आत मिस्त्री साहेबाला म्हणाले, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, लगेच कळलं आणि लगेच पळत आला.

साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं लाजलो. पुढे माझं नाव झालं, नवी माणसं आली की मलाच शिकवायला सांगत. मी तीस वर्षं इथे काढली. मिस्त्री वारले तोवर आम्ही दोघं त्या गोष्टीवर एक शब्द बोललो नाही.

सून अजून खंडेनवमीला पाट मांडते. मुलाचा लॅपटॉप, गाडीची किल्ली ठेवते. मी फुलं वाहतो. पाण्याचा हात कशाला लावू देत नाही, आणि ती म्हणते सासरे हेकट आहेत. असू दे.

तो साहेब आता असेल की नाही मला ठाऊक नाही. शिपाई असेल तर माझ्याच वयाचा असेल, इथेच कुठेतरी. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. लगेच नाही पळालो. मी पाऊण तास बसलो होतो.