वाऱ्यावर पाळत

आमच्या मामांइतका वाऱ्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या माकणी गावातून निघून हा माणूस वीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्यांचा मुकादम होता, यावर अजून निम्म्या गावाचा विश्वास नाही. मुकादमानं स्वतः पाण्यात उतरायचं नसतं. उतरलेला माणूस जिवंत वर आणायचा असतो. आता हाताखाली पाणबुडे नाहीत, म्हणून मामा आमच्यावर भागवतात. कळंबच्या एका लग्नात जनरेटरचा धूर मांडवात यायला लागला, तर त्यांनी मंगलाष्टकं थांबवून नवरदेवाच्या चुलत्याला जनरेटर पलीकडं ढकलायला लावला. "वारा फिरलाय, तुमास्नी कळत न्हाय का?" हे त्यांचं वाक्य त्या लग्नाच्या व्हिडिओत कायमचं बसलं आहे. मागच्या पावसाळ्यात मी सोयाबीन फवारून त्यांच्या दारात आलो आणि पाणी प्यायला तोंडावरचा रुमाल सोडू लागलो, तर असे कडाडले की शेजारची म्हातारी बाहेर आली. "आधी अंग, मग तोंड! तेलातनं वर आलेला माणूस धुतल्याबिगर त्याचं हेल्मेट काढत न्हाईत, आन तू तर इखात भिजलायस!" मला अंगणात उभं करून त्यांनी साबण आणि कपड्याच्या ब्रशानं घासलं. दोन दिवस पाठ चुरचुरत होती.

पण त्यांचा राग उगाच नाही. एकदा समुद्रातला तेलाचा नळ फुटून पाण्यावर तेल पसरलं. गळती बुजवायला एक पाणबुडा खाली गेला होता. त्याच्या श्वासाची हवा बोटीवरच्या कंप्रेसरमधून नळीनं जात होती. काम निम्मं झालं आणि वारा फिरला. तेलाची वाफ थेट कंप्रेसरच्या तोंडाशी यायला लागली. मामांनी त्याला पाठीवरच्या राखीव हवेवर वर यायला सांगितलं. कंपनीचा साहेब म्हणाला, अर्ध्याच तासाचं काम राहिलंय. मामा म्हणाले, "मग तुमी उतरा." साहेब उतरला नाही. पाणबुडा वर आला, आणि पुढच्या फेरीला मामांना बोटीवर घेतलं नाही. कागदावर कारण होतं, कामात अडथळा! ज्याच्या नाकात जन्मात केबिनच्या गार हवेखेरीज काही गेलं नाही, त्यानं हे लिहावं? दुसऱ्याच्या छातीवर स्वतःची घाई रेटणाऱ्या असल्या माणसांचा मला अजून संताप येतो.

आणि तरी परवा माझ्याच तोंडून निघून गेलं, "पण मामा, त्या दिवशी कुणाला काही झालं तर नव्हतं ना?" साहेबही हेच म्हणाला असणार. मी जीभ चावली आणि आता भडका उडणार म्हणून खाली मान घालून बसलो.

मामा भडकले नाहीत. "न्हाय. काय झालं न्हाय," ते हळू म्हणाले. "वर आला, धुतला त्याला, च्या पिला, आन काम अर्धं ऱ्हायलं म्हणून मलाच शिव्या देत झोपला. त्याला बी वाटत आसंल, म्या उगंच वर वडला." ओरडले असते तर बरं झालं असतं.