अक्काचं पाणी गाळायचं फडकं

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून हसायचो. मी प्राणिशास्त्राचा माणूस, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळण्यात जन्म गेला. बेडूक फाडणाऱ्याला भुतं कुठली दिसायला! पण एक गोष्ट आहे... आणि सत्तरी उलटल्यावर ती पोटात ठेवून जायची इच्छा नाही.

साल १९८३. राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं. मी, बायको सुनंदा आणि माझी आई. आईला आम्ही अक्का म्हणायचो. आम्ही जैन, त्यात अक्काचा नेम कडक. पाणी गाळूनच प्यायचं, आणि फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. गावाला गेली तरी फडकं बरोबर. त्याच्या एका कोपऱ्याला सुनंदानं आपल्या निळ्या झंपराचं ठिगळ लावलं होतं.

त्या वर्षी मला खूळ लागलं — घरात समुद्र करायचा. मासे कुणीही पाळतं; मला रत्नागिरीच्या खडकावरची समुद्रफुलं हवी होती, दिसायला फुलं पण बारीक जीव धरून खाणारे प्राणी. चार कॅन खारं पाणी आणि जीव चिकटलेले दगड घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, समुद्रच निघालाय की तुमच्या घरला!"

घरी पाणी गाळून काचेच्या टाकीत ओतलं. फडकं मोरीत झटकणार, तोच अक्का ओरडली. "आरं, मोरीत काय झटकतोस? जीव न्हाईत व्हय त्येच्यात?" तिनं लोणच्याची काचेची बरणी रिकामी केली, त्यात थोडं समुद्राचं पाणी घेतलं आणि फडकं उलटं करून खळबळलं. मी त्यात जरा शेवाळ टाकलं. महिन्याभरात बरणीत पांढऱ्या ठिपक्यांएवढे जीव वळवळायला लागले. मोठ्या टाकीला जोडलेल्या अशा वेगळ्या आसऱ्याला रेफ्युजियम म्हणतात, हे मला फार पुढं कळलं.

ती जोडणी मात्र माझी. समुद्रफुलं सुकत चालली होती, त्यांना जिवंत खाणं हवं होतं, आणि आमच्या घरात मासळी येणं शक्यच नव्हतं. मी बरणी वरच्या फळीवर ठेवली. पंपानं पाणी वर चढायचं आणि नळीतून परत खाली टाकीत यायचं. येताना बरणीतले जीव घेऊन यायचं. आठवड्यात समुद्रफुलं तरारली.

अक्का रोज बरणीपाशी उभी राहायची. एकदा तिनं विचारलं, "वरचं जीव खाली जात न्हाईत न्हवं?"

मी पेपरातनं मान वरही न काढता म्हणालो, "न्हाई गं अक्का. वरचं वरच ऱ्हात्यात."

तिनं बरणीला हात जोडले. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पुढच्या महिन्यात ती कबनूरला माझ्या थोरल्या भावाकडं गेली आणि तिथंच एका सकाळी हृदय बंद पडून गेली. चितेवर तिच्या उशाशी ते फडकं मी माझ्या हातानं ठेवलं, निळं ठिगळ वर करून. ते जळताना मी पाहिलंय.

बारा दिवसांचं सुतक संपवून आम्ही परतलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्याच खिशात होती आणि दुसरी किल्ली नव्हतीच. खिडक्या आतून लावलेल्या. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन लख्ख होतं.

पंप चालू होता. खाली समुद्रफुलं आक्रसून सुपारीएवढी झालेली. बरणी मात्र जिवांनी गच्च भरलेली. आणि बरणीतल्या नळीच्या तोंडाला फडकं बांधलेलं... पाणी जावं, जीव जाऊ नये, असं.

कोपऱ्याला निळं ठिगळ.

सुनंदानं ते बोटांत धरून पाहिलं. "ह्यो टाका माझा हाय," ती म्हणाली. "आन् गाठ अक्कांची." अक्का डावखुरी होती, तिची गाठ उलटी पडायची. सुनंदा रडायला लागली. मला रडूही येईना. मला फक्त शरम वाटत होती.

फडकं सोडावं तर वरचे खाल्ले जाणार, ठेवावं तर खालचे उपाशी मरणार. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सगळं घेऊन रत्नागिरी गाठली. दगड होते त्या खडकात ठेवले, बरणी ओतली. मग फडकं उलटं करून ती करायची तसं समुद्रात खळबळलं आणि मोठ्यानं म्हणालो, "अक्का, मी खोटं बोललो. वरचं खाली जात हुतं. मला ठावं हुतं."

बाजूला जाळं विणत बसलेला एकजण माझ्याकडं बघतच राहिला. बघू दे.

फडकं अजून ट्रंकेत आहे. सारखं दिसणारं दुसरं असेल, जळताना मला भास झाला असेल... चाळीस वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. त्या टाक्याचं उत्तर सापडत नाही.

टाकी मी परत कधी भरली नाही. पाणी आता नळाचं येतं, तरी आम्ही गाळतो. ते काम माझं. सुनंदा आतून विचारते, "समदं सोडलं न्हवं?" मी चष्मा लावतो, फडकं उजेडात धरून नीट बघतो आणि मगच तिला व्हय म्हणतो.