धडधाकटांचे डॉक्टर

आजारी माणसाचा कंटाळा आणि धडधाकट माणसाचा नाद असलेला डॉक्टर अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. जळकोटजवळच्या सरकारी दवाखान्यात ते असतात. ताप घेऊन आलेल्याला पटकन गोळ्या देऊन वाटेला लावतात. त्याच्या सोबतीला आलेल्या म्हाताऱ्याला मात्र खुर्ची, पाणी, आणि वर त्याचा हात हातात. कारण संशोधन! साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी नुसती बोटांनी पाहायची, ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढायचा, आणि लकवा मारायच्या आत माणूस गाठता येतो का ते तपासायचं, असं ते लातूरच्या मोठ्या डॉक्टरांसोबतचं काम. ते दवाखान्यापुरतं होतं. साडूंनी ते बाजारात, एसटीत आणि लग्नांत नेलं. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या आजोबांचा त्यांनी जो हात धरला, तो अक्षता पडल्या तरी सोडेनात. व्याही मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या साडूंना कमी दिसतं का हो?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

गयाबाई त्यांना अशीच सापडली. सुनेला खोकला म्हणून घेऊन आली होती. साडूंनी तिचंच मनगट धरलं.

"डाक्टर सायब, आजारी सून हाय, अन् हात माझा धरून राहिलाव? आमचे मालक असते तं तुमची खैर नव्हती!"

सगळा दवाखाना हसला. साडू हसले नाहीत. ठोका एकही जागेवर पडत नव्हता. ईसीजीनंही तेच सांगितलं. अशा ठोक्यांनी रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर वाचा जाईल, रक्त पातळ करायची गोळी रोज घ्या, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. ती म्हणे, "मला काय धाड भरली? सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या." मग साडू दर बाजारच्या दिवशी तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. तिनं आधी शिव्या घातल्या, मग चहा पाजला, आणि शेवटी हा माणूस एकदाचा उठावा म्हणून गोळी सुरू केली.

पुढं काहीच झालं नाही. वर्षं गेली. "डाक्टरनं उगाच गोळ्या चारल्या, मला तं काईच झालं न्हाई," असं ती गावभर सांगायची. साडू आमच्याकडं येऊन जेवता जेवता चिडायचे, "न झालेल्या आजाराचे पेढे कुणी वाटत नाही."

गेल्या उन्हाळ्यात गयाबाई न्यूमोनियानं गेली. साडूंबरोबर मीही भेटायला गेलो. सून म्हणाली, "शेवटपरेंत बोलत होत्या. त्या दिवशी सकाळीसुदिक, भाजीत मीठ न्हाई म्हणून मला लई बोलल्या." आणि सांगता सांगताच तिला रडू फुटलं.

परतताना फटफटीवर मागून मी म्हणालो, "दादा, ती बोलत गेली ते तुमच्यामुळं."

"असं म्हणता येत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं."

फाट्यावर त्यांनी गाडी वळवली. मग म्हणाले, "सुनेनं बिचारीनं उगाच ऐकून घेतलं. मीठ मीच कमी करायला लावलं होतं."