यादीतून काढलेला माणूस

"हात दाखव."

यंत्राच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला ताई एवढंच म्हणायच्या. नखं बघायच्या, बाहीवर केस पडलाय का बघायच्या, हातमोजे नसतील तर परत पाठवायच्या. पहिल्या दिवशी मला दोनदा पाठवलं. "अरे, माणूस सारखा गळत असतो," त्या म्हणाल्या. "कातडी गळते, केस गळतात. आणि ह्या यंत्राला सगळं दिसतं."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्तकनगरच्या पुढे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नवा लागलेलो. ताई माझ्या वरिष्ठ. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. बोलणं अगदी पुस्तकी. चिडल्या की मात्र कोळीवाडा बाहेर यायचा.

काम असं होतं. एखाद्या पदार्थातल्या प्रथिनाचे तुकडे करून यंत्रात सोडायचे. यंत्र त्या तुकड्यांची वजनं सांगायचं. मग संगणकातला प्रोग्राम ती वजनं माहीत असलेल्या प्रथिनांच्या भल्यामोठ्या यादीशी ताडून बघायचा आणि जुळणारी नावं गुणांसकट पडद्यावर मांडायचा. आम्ही पोरं पहिलं नाव बघून टाळ्या पिटायचो. ताई म्हणायच्या, "वर्गात सगळेच ढ असले तरी कुणीतरी पहिला येतोच."

आमचे मॅनेजर म्हणजे... असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. परीटघडीचा शर्ट, अत्तर, आणि बोलताना सतत डोकं खाजवणं. खांद्यांवर कोंड्याचा सडा. जेवताना ताईंच्या डब्याकडे बघून ते नाक धरायचे. ताई शांतपणे म्हणायच्या, "साहेब, बोंबील आहेत. वासावरून कळतंय ना? मग लपवाछपवी नाही."

कंपनीने तेव्हा एका मुळीपासून मलम बनवलं होतं, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी. त्या मुळीत जखम भरणारं दुर्मीळ प्रथिन आहे, असं डॉक्टरांना सांगायचं ठरलं होतं. आधी ठरलं, सापडायचं नंतर होतं. साहेब हातमोजे न घालता नमुन्याच्या डब्यावर वाकून उत्साहाने डोकं खाजवत असताना मी शेजारीच उभा होतो. ताई त्या दिवशी रजेवर होत्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी यंत्र चालवलं. यादीत पहिलं नाव आलं माणसाच्या कातडीतल्या प्रथिनाचं. गुण भरघोस. मुळीचं काहीच नाही.

"कुणाचा तरी कोंडा आहे हा," ताई म्हणाल्या. मी साहेबांकडे बघितलं नाही.

साहेब हसले. "अहो, आपण मुळी तपासतोय ना? मग यादीत माणूस ठेवायचाच कशाला? फक्त वनस्पती ठेवा."

तशी सोय प्रोग्राममध्ये होती. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. आता पहिलं नाव आलं एका वनस्पतीच्या प्रथिनाचं. गुण नापासाचे, पण नाव पहिलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

ताई उभ्या राहिल्या. "मानूसच काढला, तर मानूस गावंल कसा?"

"अहवालावर सही करा," साहेब म्हणाले.

"नाय करनार. नवीन नमुना घेऊन मी परत करते."

"वेळ नाही," म्हणत साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. छान, वळणदार सही केली. आजही ती आठवली की तोंडात काहीतरी आंबल्यासारखं होतं.

ताईंना काचेची भांडी धुण्याच्या खोलीत बसवलं. महिनाभर त्यांनी ती धुतली, चकचकीत. मग राजीनामा दिला. मला त्यांची खुर्ची मिळाली.

मलम बाजारात आलं. शहाडच्या माझ्या मामांच्या पायाला जखम झाली होती. भाचा त्याच कंपनीत, म्हणून मामीने डॉक्टरांची पट्टी सोडून मलम सुरू केलं. मला विचारलं होतं तिने. मी "हो" म्हणालो होतो. जखम चिघळली, काळी पडली. घरात शिरताना नाकाला रुमाल लावावा लागे. शेवटी दोन बोटं कापली.

मी ताईंचं घर शोधत कोळीवाड्यात गेलो. त्या ओट्यावर दहावीच्या मुलांना शास्त्र शिकवत होत्या. मुलांना गणित सोडवायला देऊन माझ्याजवळ आल्या. मी सगळं सांगितलं.

"मामांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे कशाला आलास? शहाडला जा."

गेलो. मामांनी ऐकून पाय चादरीखाली ओढून घेतला. मामीने मलमाची नळी मोरीत पूर्ण पिळली, हात धुतला आणि म्हणाली, "चहा ठेवत नाही हां तुला." नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली.

पुढच्या रविवारी पुन्हा कोळीवाड्यात गेलो. ओट्यावरून ताईंचा आवाज येत होता, मुलं काहीतरी चुकली होती आणि त्या म्हणत होत्या, "खोडू नका, नवीन ओळीवर पुन्हा मांडा." सगळं सांगून टाकलं, नोकरीही सोडली, हे मला त्यांना ऐकवायचं होतं. कोपऱ्यावर उभं राहिल्यावर लक्षात आलं, मी शाबासकी घ्यायला आलोय. माझीच मला किळस आली. त्यांना न भेटताच मी वळलो, आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेलो नाही.