जमीनदाराच्या चरित्रातून मी गाळलेली बाई

दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेतल्या ट्रॉय गावी राहत होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत, आणि मी नागपूरला इतिहासात एम.ए. करून व्हिसावर नोकरीची परवानगी नसल्याने घरी बसलेली. शेजारी एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका होत्या. त्यांचा कुणी पूर्वज सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात मोठा जमीनदार होता, पार्लमेंटातही बसलेला. त्याचं छोटं चरित्र लिहून लायब्ररीत लोकांना वाचून दाखवावं, ही त्यांची हौस. डोळे अधू झालेले, म्हणून इंग्लंडहून मागवलेल्या, आजच्या इंग्रजीत उतरवलेल्या कागदांची पिशवी त्यांनी माझ्या हाती दिली. "तू इतिहासवाली. वाच, आणि खरं असेल ते लिही."

अमेरिकेत आल्यापासून तीन वर्षांत मला कुणी इतिहासवाली म्हटलं नव्हतं.

कागद रुक्ष होते. दोन गावांची मालकी, बायकोच्या माहेरून आलेली आणखी जमीन, परगण्याच्या वतीने पार्लमेंटात, करवसुलीच्या कामावर नेमणूक. मग एका विधवेची फिर्याद आली. जमीनदाराच्या माणसांनी दार फोडलं, गुरं हाकून नेली, तिला पोरांसकट बाहेर काढलं. मी ते पान अर्ध्यावरच सोडलं आणि पिशवीच्या तळाशी घातलं. शेजारच्या बाईंना वाईट वाटेल, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती.

लायब्ररीत मीच वाचलं. टाळ्या झाल्या. एका गृहस्थांनी हसत विचारलं, "इतका धुतल्या तांदळासारखा होता?"

"हिने एकूण एक कागद वाचलाय," बाई अभिमानाने म्हणाल्या. मी मान डोलावली.

पाचव्या दिवशी ते पान घेऊन त्यांच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी पुढे वाचलंच नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी उभ्याउभ्याच वाचलं. निकालाची नोंद कुठेच नव्हती. त्याच वर्षी तो पुन्हा पार्लमेंटात गेला होता, एवढं मात्र दुसऱ्या कागदात होतं.

बाईंनी लायब्ररीकडे आणखी एक शनिवार मागून घेतला. या खेपेला सातच माणसं आली. मी फिर्याद वाचली, मग ती आधी का गाळली तेही सांगायला लागले. कागदातच बघत मी पुटपुटत राहिले.

पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या, "मोठ्याने."